दुरुस्त झालेली फियाट घाटात का थांबते?

खानदेशातील ज्या घरांनी आपली जुनी फियाट अद्याप मोडीत घातलेली नाही, त्यांच्या परिचयाचे हे एक कोडे आहे. महिना-दोन महिने गॅरेजमध्ये उभी असलेली गाडी 'इंजिनाचे पूर्ण काम' होऊन परत येते. रंगाला चकाकी आलेली असते, इंजिनाचा नाद गंभीर आणि एकसारखा ऐकू येतो, शिरपूरहून तापीचा पूल ओलांडून धुळ्यापर्यंतचा सुमारे ५० कि.मी.चा बहुतांशी सपाट रस्ता ती विनातक्रार कापते, आणि मालक मिस्त्रीने मागितलेली रक्कम समाधानाने मोजून देतो. पुढे वैशाखातल्या एखाद्या लग्नाच्या निमित्ताने हीच गाडी पळासनेर मागे टाकून सेंधव्याच्या वाटेवरचा बिजासन घाट चढू लागते, तेव्हा तापमानाचा काटा भराभर वर सरकतो, मागे निळसर धूर सुटतो आणि काही वळणांतच ती वाफ सोडीत रस्त्याच्या कडेला उभी राहते. मिस्त्रीकडे परत जावे तर उत्तर ठरलेले असते : "साहेब, गाडी जुनी आहे. एवढं चालायचंच."

हे उत्तर कधी खरे असते आणि कधी ती निव्वळ बनवाबनवी असते. त्या दोहोंतील भेद सामान्य मालकालाही करता येतो, आणि तो करण्याचे साधन आवाज चढवून केलेला वाद हे नसून माप आणि लेखी नोंद हे आहे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

लबाडीला वाव कोठे मिळतो

फियाट ११०० ही गाडी मूळची इटलीची. परंतु महाराष्ट्रात ती परकी राहिली नाही. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनू लागली, १९६४ पासून 'डिलाइट' या नावाने ती रस्त्यावर आली आणि १९७० नंतरच्या दशकात तिचेच नाव 'प्रीमियर पद्मिनी' असे झाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिला जी लोकप्रियता लाभली ती दुसऱ्या कोणत्याही मोटारीच्या वाट्याला क्वचितच आली असेल. त्या टॅक्सींपैकी शेवटच्या पद्मिनीची रस्त्यावरील मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली. गाडीचे उत्पादन मात्र त्याच्या दोन दशके आधीच थांबले होते.

उत्पादन थांबल्याचा परिणाम असा की, या गाडीला कंपनीचे अधिकृत सेवाकेंद्र उरले नाही, कामाचे छापील दरपत्रक उरले नाही, आणि अस्सल सुटे भाग कोठल्या तरी जुन्या दुकानाच्या फडताळातून किंवा मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीतून मिळवावे लागू लागले. नव्या मोटारीच्या मालकाला बिलावरील प्रत्येक भागाचा क्रमांक पडताळून पाहता येतो. जुन्या फियाटच्या मालकाला मिस्त्रीच्या शब्दावर विसंबावे लागते. पूर्वीच्या पिढीतील अनेक मिस्त्रींनी हा विश्वास आपल्या कसबाने सार्थ केला, आणि आजही खानदेशात या गाड्या धावतात त्या त्यांच्याच पुण्याईवर. परंतु जेथे सर्व भिस्त शब्दावर असते तेथे जुना भाग घासूनपुसून 'नवा' म्हणून लावणे, न केलेल्या कामाचे पैसे घेणे, किंवा चांगला मूळ कार्बोरेटर काढून घेऊन त्या जागी हलक्या प्रतीचा बसवणे, हे उद्योग अप्रामाणिक माणसाला फार सोपे जातात.

सपाटीवर झाकते ते चढावर उघडते

बिजासन घाटाचे कोडे प्रथम सोडवू. सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने जाताना इंजिनाला आपल्या शक्तीचा लहानसा अंशच खर्चावा लागतो; उष्णता बेताची निर्माण होते आणि वेगामुळे रेडिएटरमधून वाराही भरपूर वाहतो. घाटात नेमके उलटे घडते. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चढत असते, म्हणून वारा कमी. इंजिन मात्र पूर्ण शक्ती लावीत असते, म्हणून उष्णता अधिक. आणि बाहेरची हवाच ४२-४३ अंशांवर गेलेली असते. रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी निम्म्या बुजलेल्या असतील, तर ही उणीव धुळ्याच्या रस्त्यावर कळत नाही; पहिल्याच चढणीवर ती उघडी पडते.

हे झाकण्याची एक हिकमत उष्ण प्रदेशांतील गॅरेजांत सर्रास चालते. इंजिन थंड असताना पाण्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी आणि ठरावीक तापमान येताच उघडणारी एक लहानशी झडप असते; तिला थर्मोस्टॅट म्हणतात. रेडिएटर साफ करण्याचे कष्ट घेण्याऐवजी मिस्त्री ही झडपच काढून टाकतो. मग पाणी सदैव खेळते राहते, काटा खालीच दिसतो, मालक प्रसन्न होतो. वास्तविक इंजिन आता हवे तितके तापतच नाही, तेलाला योग्य पातळपणा येत नाही आणि आतील झीज वाढत जाते; बुजलेला रेडिएटर तर बुजलेलाच राहतो.

नव्या रिंगा, झिजलेला सिलिंडर

सर्वांत महागडी आणि सर्वांत सहज खपणारी फसवणूक इंजिनाच्या पोटात होते. फियाटच्या इंजिनात चार सिलिंडर असतात; प्रत्येकाचा मूळ व्यास ६८ मि.मी. आणि त्यात पिस्टनचा वरखाली होण्याचा पल्ला ७५ मि.मी. चौघांचे मिळून आकारमान १,०८९ घन सें.मी. भरते, आणि 'अकराशे' हे नाव त्यावरूनच पडले. पिस्टन सिलिंडरला प्रत्यक्ष चिकटून चालत नाही. त्याच्या भोवतीच्या खाचांत बसवलेल्या धातूच्या लवचीक कड्या, म्हणजे रिंगा, भिंतीला टेकून वरचा वायू खाली आणि खालचे तेल वर जाऊ देत नाहीत.

लाखभर किलोमीटरांच्या प्रवासात सिलिंडरची भिंत झिजते, पण ती सारखी झिजत नाही. पेट्रोलचा स्फोट होतो त्या क्षणी पिस्टन माथ्याजवळ असतो. त्या दाबाने वरची रिंग भिंतीवर जोराने रेटली जाते आणि तेथे तेलही अल्प पोहोचते, म्हणून वरचा भाग अधिक झिजतो, खालचा कमी. शिवाय पिस्टनला जोडलेला दांडा तिरपा असल्यामुळे पिस्टन एका बाजूला अधिक दाबला जातो, आणि गोल सिलिंडर हळूहळू अंडाकृती होतो. रिंग जेथपर्यंत पोहोचतच नाही त्या अगदी वरच्या काठाला मात्र मूळचा धातू शाबूत राहून तेथे एक बारीक कंगोरा तयार होतो.

अशा सिलिंडरचा योग्य उपाय एकच. तो यंत्रशाळेत नेऊन मापावा, झीज मर्यादेबाहेर असेल तर बोअरिंग करून पुढच्या ठरावीक मापाला पुन्हा गोल करावा, होनिंगने त्यावर तेल धरून ठेवणाऱ्या सूक्ष्म रेघा उमटवाव्यात आणि मग त्या मापाचे मोठे पिस्टन व रिंगा बसवाव्यात. यात वेळ जातो आणि खर्चही होतो. लबाड मिस्त्री बोअरिंग करीतच नाही; जुन्याच मापाच्या नव्या रिंगा जुन्याच पिस्टनांवर चढवतो आणि बिलात 'बोअरिंगसह इंजिन काम' असे लिहितो.

तरीही गाडी आरंभी चांगली का चालते? ज्यांच्या मळ्यात जुना हातपंप आहे त्यांना हे चटकन उमगेल. पंपाचे नळकांडे घासून वाकडे झालेले असताना त्यात कातड्याचा नवा वॉशर घातला, तर भिजून फुगलेले कातडे काही दिवस पाणी ओढते. मग ते त्याच वाकडेपणाने विषम घासले जाते आणि पंप पूर्वीसारखाच रिकामा हापसू लागतो. इंजिनातही तसेच होते. नव्या रिंगांचा ताण ताजा असतो. इंजिन उघडल्यामुळे काजळी निघालेली असते, नवे प्लग बसवलेले असतात, कार्बोरेटर नव्याने लावलेला असतो, आणि बहुधा नेहमीपेक्षा दाट तेल भरलेले असते. दाट तेल मोकळ्या जागा भरून काढते, ठोक्यांचा आवाज दाबते आणि धूर कमी करते. घाटातील उष्णतेने तेच तेल पातळ झाले की आवरण गळून पडते. वर अंडाकृती आणि खाली गोल अशा भिंतीवरून रिंग प्रत्येक फेऱ्यात उघडते व मिटते, धारदार काठाची नवी रिंग वरच्या कंगोऱ्यावर आपटून तुटते, आणि तुटलेला तुकडा सिलिंडरची भिंत ओरखडून काढतो. आधी केवळ झिजलेले असलेले इंजिन अशा 'दुरुस्ती'नंतर जायबंदी होते; मूळ दोषापेक्षा हे नुकसान मोठे असते.

हेडचे अ‍ॅल्युमिनियम

या इंजिनाचा ठोकळा बिडाचा आणि वरचे झाकण, म्हणजे हेड, अ‍ॅल्युमिनियमचे असते. तेवढ्याच तापमानाला अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून हेडचे नट मध्यभागापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, आणि ताण मोजणाऱ्या पान्यानेच आवळावे लागतात. काढावयाचे ते इंजिन पूर्ण निवल्यावरच. लांब पाना घेऊन अंदाजाने एका टोकाकडून आवळत गेलेले किंवा गरम असतानाच उघडलेले हेड वाकते. वाकलेल्या हेडखाली नवे गॅस्केट घातले तरी ते फार दिवस टिकत नाही. हेडवर पोलादी सरळ पट्टी ठेवून तिच्याखालून पातळ पत्र्याचा मापक सरकतो का, हे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात, आणि ती पाच मिनिटे मालकाने आग्रहाने मागावीत.

चौकट : धुराचा रंग

निळा धूर म्हणजे तेल जळत आहे. रिंगा, सिलिंडर किंवा व्हॉल्व्हचे मार्ग संशयित. काळा धूर म्हणजे पेट्रोल अधिक आणि हवा कमी; बहुधा कार्बोरेटरचा दोष आणि तुलनेने स्वस्तात सुधारणारा. इंजिन तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर म्हणजे पाणी सिलिंडरात शिरून त्याची वाफ होत आहे. गॅस्केट किंवा हेड पाहावे. तेलाच्या पट्टीवर दुधाळ फेस दिसला तर पाणी तेलात मिसळले आहे. गाडी पुढे चालवू नये.

रंगाखालचा गंज

फियाटला ट्रकसारखी वेगळी चौकट नाही. तळपत्रा, दरवाजांखालील पेट्या आणि खांब मिळूनच गाडीचा भार पेलतात. त्यामुळे कुजलेल्या पत्र्यावर लांबी भरून वर रंग मारणे हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही. लांबीखाली अडकलेली ओल पत्रा आतून खात राहते आणि एक-दोन पावसाळ्यांत फोड वर येतात. परीक्षा सोपी आहे : मऊ फडक्यात गुंडाळलेला लहान लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावा, जेथे तो पकड सोडतो तेथे रंगाखाली जाड लांबी आहे. कुजका भाग कापून नवा पत्रा जोडल्याचे पैसे घेतले असतील आणि चुंबक तेथे चिकटत नसेल, तर तेवढी लबाडी जागच्या जागी सिद्ध होते.

प्रत्येक बिघाड लबाडी नसतो

मिस्त्रीवर आळ घेण्यापूर्वी एका गोष्टीची शहानिशा अवश्य करावी. खानदेशच्या उन्हाळ्यात इंजिनालगत बसवलेल्या पेट्रोल पंपात व नळीत पेट्रोलचा हलका अंश उकळून त्याची वाफ होते. पंप द्रव ओढण्यासाठी बनलेला असल्याने वाफ पुढे ढकलू शकत नाही, आणि चालती गाडी अकस्मात बंद पडते. अर्ध्या तासाने ती आपोआप सुरू होते. पंपावर ओले फडके टाकण्याचा जुन्या चालकांचा परिपाठ याच कारणाने पडला आणि तो शास्त्रशुद्ध आहे. यात मिस्त्रीचा अपराध नाही. उलट, या निरुपद्रवी विकाराचे निमित्त करून 'पंप गेला, कार्बोरेटर गेला' असे सांगत नवे भाग गळ्यात मारणारा मिस्त्री मात्र निश्चित संशयास्पद.

इंजिन पुन्हा उघडण्याआधी

फसवणुकीचा संशय बळावला की मालक संतापून दुसऱ्या मिस्त्रीकडे जातो, तो इंजिन उघडतो, पहिल्याला शिव्या देतो आणि सर्व बदलून टाकतो. असे करणे म्हणजे आपलाच पुरावा आपल्या हाताने नष्ट करणे होय. पहिल्या मिस्त्रीला मग म्हणता येते की बिघाड दुसऱ्याच्या हातून झाला.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम बंद इंजिनाचीच परीक्षा करावी. इंजिन तापवून चारही प्लग काढावेत, इग्निशनची जोडणी सोडवावी, प्रवेगक पूर्ण दाबून स्टार्टर फिरवावा आणि दाबमापकाने प्रत्येक सिलिंडरचा दाब टिपावा. सर्वांत कमी आकडा सर्वांत मोठ्या आकड्याच्या तीन-चतुर्थांशाहून खाली असेल तर त्या सिलिंडरात दोष आहे. मग प्लगच्या छिद्रातून त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे : दाब वाढला तर गळती रिंगांतून होते, कारण तेलाने ती तात्पुरती बुजली, वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमधून. हे आकडे तारखेसह कागदावर लिहून घ्यावेत आणि तपासणाऱ्याची सही घ्यावी.

त्यानंतर पहिल्या मिस्त्रीला दोषांची नोंद असलेले पत्र पोचपावतीच्या टपालाने पाठवून, अमुक दिवशी इंजिन उघडले जाणार आहे, आपण उपस्थित राहावे, असे कळवावे. प्रामाणिक माणसाला चूक सुधारण्याची संधी यातूनच मिळते, आणि अनेक तंटे येथेच मिटतात. तो न आला तर यंत्रशाळेतून सिलिंडरची मापे लेखी घ्यावीत, ६८ मि.मी.च्या व्यासात वर, मध्ये, खाली आणि आडव्या-उभ्या दिशांनी किती फरक आहे हे बोअरमापक सांगतो, आणि बोअरिंग झालेच नव्हते ही गोष्ट त्या आकड्यांपुढे नाकारता येत नाही. शिरपूर आणि धुळे येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तेथील जाणकाराचा किंवा एखाद्या परवानाधारक विमा सर्वेक्षकाचा लेखी अभिप्राय मिळाल्यास प्रकरणाला वजन येते. काढलेला प्रत्येक भाग छायाचित्र घेऊन, पिशवीत बांधून, स्वतःच्या ताब्यात ठेवावा.

ताबा आणि मेहनताना

बिल अवाजवी वाटल्यामुळे मालक पैसे देत नाही आणि मिस्त्री गाडी सोडत नाही, असा पेच पुष्कळदा पडतो. येथे कायदा मालकाला वाटतो तितका त्याच्या बाजूचा नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७० अन्वये, सोपवलेल्या वस्तूवर ठरल्याप्रमाणे श्रम व कौशल्य खर्ची घालणाऱ्यास आपला वाजवी मेहनताना मिळेपर्यंत ती वस्तू अडकवून ठेवण्याचा हक्क आहे. कायद्यातच त्यासाठी पैलू पाडण्यास दिलेल्या हिऱ्याचे उदाहरण दिलेले आहे. मात्र हा हक्क ठरल्याप्रमाणे केलेल्या कामापुरताच आहे. न केलेल्या कामासाठी किंवा जुन्या उधारीसाठी या कलमाचा आधार घेता येत नाही. शिवाय कलम १५१ प्रमाणे गाडी ताब्यात असेतो तिची शहाण्या माणसासारखी काळजी घेणे मिस्त्रीवर बंधनकारक आहे. रात्री कुलूप तोडून गाडी आणण्यापेक्षा, 'हक्क राखून रक्कम देत आहे' असे लेखी कळवून बँकेमार्फत पैसे द्यावेत आणि गाडी सोडवावी, हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

धुळ्याचा ग्राहक आयोग

ग्राहकाच्या हक्काची चळवळ या देशात रुजवण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, आणि ग्राहक संरक्षणाचा पहिला केंद्रीय कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये झाला. आज लागू असलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार पैसे घेऊन केलेले सदोष काम ही 'सेवेतील त्रुटी' ठरते; जुना भाग नवा म्हणून विकणे आणि बिल न देणे या दोन्ही गोष्टी 'अनुचित व्यापारी प्रथे'त मोडतात. बिलच मिळाले नाही म्हणून हताश होणाऱ्या मालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे. बँकेतून दिलेल्या रकमेची नोंद व मिस्त्रीचे संदेशही पुराव्यात रुजू करता येतात.

गॅरेज इंदूरचे असो वा नाशिकचे, तक्रारदार शिरपूर तालुक्यात राहत असेल तर तक्रार धुळे जिल्हा आयोगात दाखल करता येते. कामासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील नेमणे सक्तीचे नाही. विरुद्ध पक्षाला आपली कैफियत देण्यास ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. आयोग मुख्यतः कागदपत्रे व प्रतिज्ञापत्रे पाहून निर्णय देतो, आणि इंजिनासारख्या तांत्रिक बाबतीत मोजमापाचा कागद नसलेली तक्रार बहुधा टिकत नाही. मूळ भाग काढून घेतल्याचे सिद्ध होण्यासारखे असेल तर भारतीय न्याय संहितेतील विश्वासघाताचे कलम ३१६ लागू होऊ शकते. केवळ निकृष्ट कामासाठी पोलिसांत धावण्यात अर्थ नाही.

क्रमांकाचे महत्त्व

अस्सल इंजिनाची अदलाबदल हा प्रकार वरील सर्वांहून गंभीर. केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी काढलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली आणि चौकट, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि तिला 'व्हीए' अक्षरे असलेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. १९६४ नंतरच्या दशकात घेतलेल्या डिलाइट गाड्या आज या वयाच्या झाल्या आहेत. मिस्त्रीने इंजिन बदलले तर हा मान हातचा जातो, आणि नोंदणीपुस्तकातील क्रमांकाशी गाडी जुळेनाशी झाल्याने परिवहन कार्यालयात जाब मालकालाच द्यावा लागतो.

तेव्हा ज्यांच्या अंगणात अशी गाडी उभी आहे त्यांना विनंती की, पुढच्या वेळी ती गॅरेजला देण्याआधी इंजिन व चॅसिसचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावेत, कार्बोरेटर, डायनॅमो व डिस्ट्रिब्युटर यांची छायाचित्रे घ्यावीत, कामाची यादी मिस्त्रीच्या सहीने लिहून घ्यावी आणि काढलेले भाग परत मिळतील ही अट त्याच कागदावर घालावी. काम बिघडलेच, तर आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे.